दोनशे दहा मीटर

४ जानेवारी

ठिणगी,

गेल्या आठवड्यातल्या सुरुंगाचा खरा खर्च तुला सांगतो. कागदावर बावीस भोकं, त्यांत भरलेली दारू, तेवढ्या वाती आणि माणसांचा अर्धा दिवस. संपलं. आता खरा खर्च: तुझ्या आईचा पाण्याचा माठ तडकला, तिच्या तांबड्या कोंबडीनं तीन दिवस अंडं दिलं नाही, आणि भिंतीवरचा तुझ्या बाबांचा फोटो वाकडा झाला. फोटो तिनं सरळ केलेला नाही. "असू दे तसाच. ज्यानं वाकडा केला तो येईल तेव्हा बघेल," म्हणाली. मला नव्हे, भोंग्याला. मला ती तीन वर्षं काहीच म्हणत नाही. सख्खी मोठी बहीण, हाकेच्या अंतरावर राहते आणि निरोप पाठवते माझ्या कामगाराकरवी.

भोंग्याला तू पाहिलेलं नाहीस. भोकं पाडायच्या यंत्रावरचा माणूस. आवाज असा, की त्यानं कानात गुपित सांगितलं तरी खाणीच्या पलीकडच्या काठावर कळतं. माझं त्याच्याशी चांगलं जमतं. बाकीचे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

आता कामाचं. उत्तरेच्या कोपऱ्यातला दगड संपला. आता पूर्वेचा नवा टप्पा उघडायचा. त्या टप्प्याच्या कडेपासून तुमच्या घराच्या मागच्या भिंतीपर्यंत टेप लावून मोजलं. दोनशे दहा मीटर. खाणीचा निरीक्षक येऊन गेला. म्हणाला, "उडवून मग बघू, हे चालणार नाही. घर किती हादरेल ते आधी लेखी द्या." तुमच्यासारख्या जुन्या दगडमातीच्या घराला सेकंदाला पाच मिलिमीटरची मर्यादा आहे. त्याच्या वर आकडा गेला तर खाणीनं घर विकत घ्यायचं, रिकामं करायचं, मगच वात पेटवायची. आधी सांगणारा माणूस कुठून आणणार, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आणायला कशाला हवा, घरचाच आहे. चार वर्षं झाली, दगड फोडायला परक्या गावी जाऊन बसलाय.

ट्रकवाल्याबरोबर गोणी पाठवतोय. तीस दगड आहेत. प्रत्येकावर हातोडी मारून, नाद ऐकून, रंगानं अक्षर घातलंय. 'ख' म्हणजे खणखणीत, 'ब' म्हणजे बद्द. पंचवीस 'ख', पाच 'ब'. तुमची यंत्रं दगडातून आवाज पाठवतात आणि तो किती वेगानं पलीकडे निघाला ते मोजतात म्हणे. मी चाळीस वर्षं तेच करतोय. फरक एवढाच, की माझ्या कानाला वीज लागत नाही. तिसांतला एक जरी चुकला तरी मिशी उतरवीन, आणि ही मिशी मी तुझ्या मामीच्या सांगण्यावरूनही उतरवली नव्हती.

घर सोडायची वेळ आली तर वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या घरी पूर्वेकडची खोली बांधून तयार आहे. मोठी खिडकी ठेवलीय. मामी गेल्यापासून या घरात स्वयंपाकघर दोघांचं आहे आणि जेवणारा एक.

फोन करू नकोस. त्या डबीतून तुझा आवाज मुंगीसारखा येतो. पत्रात माणूस समोर बसून बोलतो.

तुझी वाट बघणारा,
मामा


१९ जानेवारी

मामा,

गोणी पोचली. ट्रकवाल्यानं ती आमच्या दारात टाकली तेव्हा पहारेकऱ्यानं विचारलं, "यात काय?" मी म्हटलं, "माहेर." तो हसला नाही. इथली माणसं उगाच हसत नाहीत.

तुझे दगड मी पाण्याखाली कापले. करवतीची चकती फिरते तेव्हा वरून पाण्याची धार सोडावी लागते, नाहीतर चकती जळते. पहिलाच दगड कापला आणि त्याच्यातून वास आला. आई दुपारी मागच्या पायरीवर पाणी ओतते ना, तो वास. मी यंत्र बंद केलं आणि तशीच उभी राहिले. आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य, मागून म्हणाल्या, "बिघडलं का काही?" मी म्हटलं, "नाही, पाणी कमी येतंय." पाणी भरपूर येत होतं.

आता तुझ्या निरीक्षकासाठी. घर किती हादरणार ते तीन गोष्टींवर ठरतं. एका दमात किती दारू उडते, घर किती लांब आहे, आणि मधला दगड कसा आहे. पहिल्या दोन तू सांगितल्यास, दारूची गोणीतल्या चिठ्ठीत. तिसरी मी शोधली. दगड वजनदार आणि सलग असला तर हादरा त्याच्यातून न थकता लांबवर जातो. कुजका, फुटका असला तर वाटेतच विरतो. तुझे दगड मी तोलले, दाबून फोडले, त्यांच्यातून आवाज सोडून वेळ मोजला. तीसच्या तीस अक्षरं बरोबर निघाली, मामा. बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "या माणसाला इथे नोकरी द्या आणि यंत्र विका." तुझी मिशी वाचली.

पण आकडा चांगला नाही. एका दमात ऐंशी किलो दारू धरली, तर घरापाशी सात पूर्णांक तीन. मर्यादेच्या पुष्कळ वर. दारू पन्नासच्या खाली आणलीस तर पाचच्या आत बसवता येईल, ते जमतं का बघ. सही करून कागद सोबत जोडलाय.

खरं सांगते, तू मला आकडा कमी करायला सांगशील असं वाटलं होतं. सगळे खाणवाले तेच सांगतात. काय उत्तर द्यायचं ते मी पाठही करून ठेवलं होतं. तू काहीच म्हणाला नाहीस, त्यामुळे ते उत्तर वाया गेलं.

एक विचारू? सगळी खाण इतक्या चांगल्या दगडाची आहे? लहानपणी परसात खेळताना माझ्या हातात आलेले दगड असे नव्हते. पण तेव्हा मी लहान होते.

वर्षाअखेर माझी मुदत संपते. इथे आणखी तीन वर्षं राहशील का, असं बाईंनी विचारलंय. मी अजून बोलले नाही. परत यायचं ते घर असणार आहे का, तेच आता कळेनासं झालंय.

ठिणगी


२८ जानेवारी

ठिणगी,

तुझा कागद निरीक्षकाला दिला. त्यानं चष्मा काढून वाचला, चष्मा घालून वाचला, आणि म्हणाला, "म्हणजे घर घ्यावं लागणार." मी म्हटलं, "घेऊ. घरच्याच माणसाचं आहे." दारू कमी करायचं म्हणतेस, पण अर्ध्या दारूनं तो टप्पा धड पडत नाही. दगड लोंबकळत राहतो, आणि खाली माणसं असतात. तेव्हा ते सोड.

तू मनाला लावून घेऊ नकोस. खोलीत फळी खाली बसवलीय, ताईचा हात पोचेल अशी. कोंबड्यांसाठी मागे खुराडं केलंय. तुझ्या बाबांच्या फोटोसाठी खिळा मारून ठेवलाय, आणि तो ओळंबा लावून मारलाय, सरळ.

भावोजींची आज फार आठवण आली. यंत्रं नव्हती तेव्हा भोकं आम्ही दोघं पाडायचो. मी छिन्नी धरायचो, ते घण घालायचे. घण पडला की छिन्नी पाव फिरवायची, पुन्हा घण. हात दिवसभर त्यांच्या नेमावर सोडून द्यायचा. अठरा वर्षांत एकदाही माझ्या बोटाला घण लागला नाही. दगड बदलला की नाद बदलायचा, आणि आम्ही एकाच वेळी एकमेकांकडे बघायचो. बोलायची गरजच पडायची नाही. तोच दगड गोळा करून त्यांनी तुमचं घर बांधलं. मी बांधायला होतो. तेव्हा ताई आम्हा दोघांना एका ताटात वाढायची, कारण ताटं दोनच होती आणि दुसरं ती तुझ्यासाठी ठेवायची.

मी खाण घेतली आणि तिचं तोंड फिरलं. मी काय केलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मोठा झालो हेच असेल.

नोटीस भोंग्याकडून पाठवली. मार्चअखेरपर्यंतची मुदत आहे. तिनं वाचली, घडी घातली, डब्याखाली ठेवली आणि म्हणाली, "बघू." भोंग्यानं तिची नक्कल करून दाखवली. त्याच्या तोंडून 'बघू' म्हणजे कोणी पंचायतीत ओरडल्यासारखं वाटतं.

मामा


६ फेब्रुवारी

पोरी,

घर रिकामं करायचा कागद आला. सोबतच्या आकड्यांखाली तुझी सही आहे. सही छान करतेस. शाळेत असताना शेपटी लांब काढायचीस, आता आवरती घेतलीस.

तुझ्यावर राग नाही. तुझं काम तू केलंस. पण मी त्याच्या खोलीत जाऊन राहणार नाही, हे त्याला सांग. तू विचारायचीस आणि मी टाळायचे, ते आज लिहिते. तीन वर्षांपूर्वी, त्याची बायको गेली त्याला महिना झाला होता. तो कुंपणाच्या पलीकडे खाणीकडे तोंड करून उभा होता. एकटाच. मी त्याच्यासाठी डबा भरला होता. मागच्या पायरीवरून मी त्याला हाक मारली. मालक म्हणून नव्हे, गाव म्हणतं तसं दादा म्हणून नव्हे, लहानपणच्या नावानं. तीनदा मारली. त्यानं मान वळवली नाही. मग यंत्रावरच्या त्या माणसानं काहीतरी म्हटलं, तर लगेच वळला आणि त्याच्याबरोबर निघून गेला. नोकराचं ऐकू येतं, बहिणीचं येत नाही. त्यानंतर मी हाक मारली नाही.

डबा मी कोंबड्यांना घातला.

घराबरोबर मागची कोरडी विहीरही जाणार. जाऊ दे, तिचा कुणाला उपयोग. तुझ्या बाबांनी आणि त्यानं तीन उन्हाळे खणली, आणि खालपर्यंत निघाला तो कुजका, हातानं कुस्करणारा दगड. पाणी नाही. तू तिच्यात खडे टाकून आकडे मोजायचीस. तुझी मोजायची सवय तिथलीच.

नवा माठ आणलाय. पाणी अजून गार होत नाही.

आई


१४ फेब्रुवारी

मामा,

आईचं पत्र आलं. त्यातलं एक तुला आत्ता सांगते, दुसरं नंतर.

ती विहीर. तू आणि बाबांनी खणलेली. नव्या टप्प्याच्या आणि आमच्या मागच्या भिंतीच्या अगदी मधोमध आहे ती. मी तिच्या काठावर पालथी पडून खडे टाकायचे, आणि आई पाय धरायची. खडा भिंतीला लागला तरी टणक आवाज यायचा नाही. भिजल्या पिठावर पडावा तसा यायचा. हे मला पोरवयात माहीत होतं. तुला तर कुदळीनं माहीत होतं. तरी तू पाठवलेल्या तिसांत तिथला एकही दगड नाही.

मी मूर्ख, की न विचारता सही केली. दगड कुठून घेतला, कुणी निवडला, ही पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. परक्या माणसाला मी ती विचारली असती.

आता असं कर. टप्प्याच्या कडेपासून घराच्या भिंतीपर्यंत दोरी धर. दर दहा मीटरला एक खड्डा, आणि खड्ड्यात जो दगड हाताला येईल तो गोणीत. निवडायचा नाही. वीस दगड होतील. क्रमांक घाल. पूर्वीसारखं हातोडी मारून अक्षरही घाल, ते बाईंना आवडतं. पहिला कागद मी मागे घेतलाय. बाई काय बोलल्या ते तुला लिहीत नाही.

आणि खरं सांग. दारू कमी करायचं तू इतक्या सहज उडवून लावलंस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सगळ्या जगातले खाणमालक आकडा खाली ओढतात. तू माझा आकडा वर का ढकललास?

ठिणगी


२२ फेब्रुवारी

ठिणगी,

आधी मी लिहिणार होतो, की घरच्या पोरीला सडका माल कसा पाठवायचा, म्हणून चांगला निवडला. लिहूनही झालं होतं. कागद फाडला. तू ते खोटं पत्रातून वास घेऊन ओळखलं असतंस.

मला आकडा मोठाच हवा होता. पाचच्या वर गेला की घर रिकामं, आणि घर रिकामं झालं की ताई दुसरीकडे कुठे जाणार? तुझ्याकडे येणार नाही, तुझ्या खोलीत दोन खाटा मावत नाहीत, असं मागे लिहिलं होतंस. मग राहिलो मी. सात पूर्णांक तीन वाचलं तेव्हा मी खोलीच्या खिडकीला पडदा लावला. घर पाडायचं काम माझं असतं, बांधायचं भावोजींचं. मी माझ्या हत्यारानं माझी बहीण आणायला निघालो होतो.

पन्नास किलोवरही तो टप्पा पडतो. लोंबकळत नाही. भोकं जास्त पाडावी लागतात एवढंच.

रोज चहा करताना हात दोन कप घेतो. एक परत ठेवतो. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

वीस दगड पाठवलेत. दोरी धरून, दर दहा मीटरला, हाताला आला तो. भोंगा रजेवर आहे, त्याच्या मुलीला मुलगी झाली. त्यामुळे सगळं एकट्यानं केलं. हातोडी मारून अक्षरं घातलीत. विहिरीजवळ उभा राहिलो तेव्हा तुझी आई मागच्या पायरीवर आली होती. ओठ हलले असं वाटलं. कोंबड्यांना काही म्हणत असेल. मी खाली मान घालून खणत राहिलो.

निरीक्षकाला सांगितलंय, आकडा बदलणार आहे. तो म्हणाला, "वर की खाली?" म्हटलं, "खाली." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की एवढी वर्षं मिळवलेली अब्रू त्याच्या चष्म्यात मला जाताना दिसली.

मामा


६ मार्च

मामा,

त्याच ऐंशी किलोला नवा आकडा दोन पूर्णांक नऊ. घर राहतं.

का, ते सांगते. उत्तरेकडून आमच्या घराखालपर्यंत काळा दगड सलग गेलाय, म्हणून त्या सुरुंगात माठ फुटला. पूर्वेकडे तसं नाही. आठव्या क्रमांकापासून चौदाव्यापर्यंत तुझे दगड करवतीखाली धरता आले नाहीत. पाणी लागलं आणि विरघळले. सत्तर मीटरचा कुजका पट्टा आहे. हादरा त्यात शिरेल आणि बहुतेक तिथेच बसेल. बाबांना ज्या दगडानं पाणी दिलं नाही, तोच घर राखतोय.

आता तुझी अक्षरं. विसांतली अकरा चुकली. नाणं उडवून लिहिलं असतंस तरी एवढीच बरोबर आली असती. दहाव्या क्रमांकावर तू 'ख' लिहिलंयस. तो माझ्या चिमटीत फुटला. मामा, तो दगड ठोकल्यावर आवाज येतच नाही, खणखणीत तर सोडच.

मी दोन दिवस हसत होते, तुझ्या मिशीला चिडवायचं म्हणून. तिसऱ्या दिवशी हसू थांबलं.

फोनवर माझा आवाज मुंगीसारखा येतो. पुटपुटणारी माणसं तुला नकोशी होतात. भोंगा आवडतो, त्याचा आवाज जाड आहे. चाळीस वर्षं छिन्नीजवळ, यंत्राजवळ, सुरुंगाजवळ. इथे आम्हाला कानांत बोळे घातल्याशिवाय करवतीपाशी जाऊ देत नाहीत. शिकवतात, की कान जातो तेव्हा सगळा एकदम जात नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात. हातोडीचा नाद. पाखरं. बाईमाणसाची लांबून मारलेली हाक.

आता दुसरी गोष्ट, जी मी राखून ठेवली होती. मामी गेल्यावर महिन्याभरानं तू कुंपणापाशी उभा होतास. आई मागच्या पायरीवर डबा घेऊन उभी होती. तिनं तुला लहानपणच्या नावानं तीनदा हाक मारली. तू वळला नाहीस. भोंगा बोलला तेव्हा वळलास. ती तीन वर्षं गप्प आहे ती त्यासाठी. तू मोठा झालास म्हणून नव्हे.

तुला ऐकूच आलं नव्हतं ना?

मी आईला काही लिहिलेलं नाही. हे तू सांगायचं आहेस, आणि पत्रानं नाही, भोंग्याकरवी तर नाहीच. नियमाप्रमाणे पहिल्या सुरुंगाला हादरे मोजायचं यंत्र घरात ठेवावं लागतं आणि त्याच्याजवळ माणूस बसवावा लागतो. तो माणूस तू हो. वात दुसऱ्याला पेटवू दे.

एक मात्र मला सुटत नाही. कान असे असताना पहिले तीसच्या तीस बरोबर कसे आले?

ठिणगी


२७ मार्च

ठिणगी,

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस खाणीत गेलो नाही. पाचव्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं कानाला टोपण लावलं आणि म्हणाला, आवाज आला की बोट वर करा. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं टोपण काढलं. मी विचारलं, "सुरू कधी करणार?" म्हणाला, "झालं."

तुझी मामी होती तोवर कळलं नाही. दार वाजलं की ती उठायची. कोणी हाक मारली की ती सांगायची, अमका आलाय. माझं अर्धं ऐकणं तिच्याकडे होतं, आणि ते ती बरोबर घेऊन गेली हे मला तीन वर्षांत समजलं नाही.

मागच्या आठवड्यात सुरुंग होता. यंत्र काखेत घेऊन सकाळीच तुमच्या दारात गेलो. ताई कोंबड्यांना दाणे टाकत होती. बघितलं, दाणे टाकत राहिली. ओठ हलले. मी म्हटलं, "ताई, काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही." ती पुन्हा काही म्हणाली. मी म्हटलं, "हेही नाही. त्या दिवशीही नव्हतं आलं. कुंपणापाशी. ठिणगीनं कळवलं तेव्हा मला कळलं, की तू हाक मारली होतीस."

तिनं दाण्यांचं सूप खाली ठेवलं. जवळ आली. लहानपणी धरायची तसा माझा उजवा कान धरला, तोंड अगदी टेकवलं आणि ओरडली, "बारक्या."

कोंबड्या कुंपणापर्यंत पळाल्या. ऐकू आलं, पोरी. खणखणीत.

मग तिनं कान सोडलाच नाही. तीन वर्षांचं साठलेलं सगळं त्याच कानात ओतलं. मी एकटा कसा जेवतो, मामीच्या वस्तूंचं काय केलं, माणसानं बहिणीला नोटीस पाठवावी का, आणि तीही दुसऱ्याच्या हातून. रस्त्यानं जाणारे दोघं थांबून ऐकून गेले. गावात आता माझ्या घरातलं सगळ्यांना माहीत आहे. खोलीचंही सांगितलं, पन्नास किलोचंही, दगड निवडल्याचंही. ती म्हणाली, "घर पाडून बहीण नेतोस? तोंडानं विचारलं असतंस तर?" मी म्हटलं, "तू नाही म्हणाली असतीस." म्हणाली, "नाहीच म्हटलं असतं. पण विचारलं असतंस."

भोंग्यानं तीनदा शिट्टी फुंकली. यंत्र मी मागच्या भिंतीच्या पायाशी ठेवलं होतं. ताईनं नवा माठ दोन्ही हातांनी धरला. मी पाय जमिनीला टेकून बसलो. पायांना अजून सगळं कळतं, ते तेवढे शाबूत आहेत. हादरा आला, कुणी शेजारच्या खोलीत धान्याचं पोतं ठेवावं तेवढा. माठातल्या पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि काठापर्यंत पोचायच्या आत विरलं. यंत्रावर दोन पूर्णांक चार. तुझा आकडा दोन पूर्णांक नऊ होता. एवढं चुकलेलं मी माफ करतो, माझं तर तोंडच नाही बोलायला.

मग मी स्टुलावर चढून भावोजींचा फोटो सरळ केला. ताई खालून हातानं दाखवत होती, डावीकडे, आणखी डावीकडे, बस.

खोलीत यायचं पुन्हा विचारलं, या वेळी तोंडानं. म्हणाली, "माझं घर उभं आहे. मी कशाला येऊ? तू येत जा." तेव्हा आता संध्याकाळचा चहा तिकडे. ती माझ्या उजव्या बाजूला बसते. दोनच कप लागतात आणि दोन्ही भरतात.

खोली रिकामी आहे. फळी खाली बसवलीय, पण तुझ्याही हाताला येईल. बाईंनी विचारलेल्या तीन वर्षांचं काय ते तू ठरव. मी कोणताच आकडा सांगणार नाही, माझे आकडे कसे असतात ते तुला ठाऊक आहे. खिडकीतून विहीर दिसते एवढं फक्त कळवतो.

मिशी उतरवली. ताई म्हणते, तोंड कापलेल्या दगडासारखं दिसतं.

पहिले तीस कसे बरोबर आले ते विचारलंस. हातोडी मी मारत होतो. ऐकत होता भोंगा.

मामा